पास्काचे पन्नास दिवस

उपवासकाळाचे चाळीस दिवस आम्ही गावकरी किती काटेकोरपणे पाळतो, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. राखेच्या बुधवारापासून लग्नकार्ये बंद, वाजंत्री बंद, आणि दर शुक्रवारी चर्चच्या आवारात क्रुसाची वाट. पण पास्काचा रविवार उजाडला, सान्नांचे आणि सोरपतेलाचे जेवण झाले, की सोमवारी सकाळी सारा गाव काजूच्या बागेत. वास्तविक पास्काचा काळ उपवासकाळाहून मोठा आहे. पेन्टेकॉस्टपर्यंत पुरते पन्नास दिवस! ते मात्र कोणी मोजीत नाही. २०२५ साली मला ते एकेक करून मोजावे लागले. त्याची हकीकत आज लिहीत आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. घरात बोलण्याची भाषा कोंकणी, शाळेची व प्रार्थनेची मराठी, कचेरीची कानडी. माझी आई जन्मली १९४० साली. तिच्या वयाच्या तेराव्या वर्षी बेळगाव धर्मप्रांताची स्थापना झाली आणि सोळाव्या वर्षी, म्हणजे १९५६च्या नोव्हेंबरात, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आईला मात्र १९५६ साल दुसऱ्याच कारणाने आठवत असे. त्या वर्षापासून पास्काचा जागरणविधी रात्री होऊ लागला. तत्पूर्वी कित्येक शतके तो शनिवारी सकाळी उरकण्याची चाल होती. बारावे पायस यांनी १९५५ साली पवित्र आठवड्याच्या विधींची फेररचना केली, आणि नवा अग्नी पुन्हा अंधारात पेटू लागला. आई हसून म्हणत असे, “आमच्या लहानपणी येशू शनिवारी सकाळीच उठायचा. पुढे त्याला रात्रीपर्यंत थांबायला लावले.”

त्याच १९५६ साली आणखी एक गोष्ट घडली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत प्रसिद्ध केले. स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय. ते १५७९ साली गोव्यात आले, येथली भाषा शिकले, आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत तारणाची कथा गाइली. १६१६ साली हा ग्रंथ रायतूर येथे छापला गेला, पण रोमन लिपीत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवर बंदी घातली. तथापि ग्रंथ तगला. लोकांनी तो हाताने उतरून घेतला आणि मुखाने जपला. देवनागरी प्रत माझ्या आजोबांनी कोठून मिळविली ते ठाऊक नाही, पण ती आमच्या घरात होती, आणि आईला तिच्यातील पुष्कळ भाग नुसत्या ऐकण्याने पाठ झाला होता. शाळा तिने चार इयत्तांपलीकडे पाहिली नव्हती.

२०२५च्या उपवासकाळात आईने अंथरूण धरले ते धरलेच. पवित्र गुरुवारी मी एकटाच चर्चमध्ये गेलो. पाय धुण्याच्या विधीला बारा जणांत चार स्त्रिया बसल्या होत्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली तशी मोकळीक दिली, तेव्हा आमच्याकडे काही वृद्धांनी नाके मुरडली होती. त्यांतल्याच एकाची सून यंदा त्या बाकावर होती आणि सासरेबुवा समाधानाने पाहत होते. काळच काही कामे आपण होऊन करतो.

शनिवारी, १९ एप्रिलच्या रात्री, आईने बजावले होते : “आज जागरण आहे. मला झोपू देऊ नका.” बारा वर्षांची माझी नात विधी संपल्यावर पास्काच्या मेणबत्तीवरून पेटविलेली आपली लहान वात ओंजळीत जपत घरी घेऊन आली. वाटेत दोनदा विझली आणि दोनदा शेजाऱ्यांच्या वातीवरून पेटवून घेतली, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. आई म्हणाली, “शेजाऱ्यांचाही तोच विस्तव.” बाटलीत भरून आणलेल्या नव्या पाण्याने तिने कपाळावर क्रूस काढला.

त्या वर्षी पूर्वेकडील ख्रिस्तसभांचा पास्काही आमच्याच दिवशी, २० एप्रिलला, आला होता. ज्या नायसियाच्या धर्मसभेने हा सण सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरविले, तिला त्या वर्षी सतराशे वर्षे पूर्ण होत होती. आनंदाचा योग. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी चर्चची घंटा संथपणे वाजू लागली. पोप फ्रान्सिस निवर्तले होते. आदल्या दिवशी सज्जात येऊन आशीर्वाद देताना आम्ही त्यांना मोबाईलवर पाहिले होते. आईला सांगावे की न सांगावे, असा घरात विचार चालला होता, तोच तिने घंटेवरून ओळखले. क्षणभर थांबून म्हणाली, “पास्का करून गेले.” तिच्या स्वरात दुःखापेक्षा किंचित हेवाच मला जाणवला.

त्या संध्याकाळपासून तिने नातीला पुराणवाचनास बसविले. दुसऱ्या पुराणातील पुनरुत्थानाचा भाग. नात कानडी शाळेत शिकते. देवनागरी तिला हिंदीच्या तासापुरती येते. ती अक्षर अक्षर लावून वाची, अडखळे, आणि आई डोळे मिटून पुढला शब्द सांगे. रोज पाचसहा ओव्या होत. मी स्वतः चौतीस वर्षे मराठी शाळेत शिकविले; परंतु त्या खाटेजवळ माझ्यातल्या शिक्षकाला काही काम नव्हते.

मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. ते कानडी मुलुखातले. मराठी त्यांनी आमच्या धर्मग्रामात आल्यावर कष्टाने आत्मसात केली आहे. त्यांनी विचारले, “आजी, प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणू?” आई म्हणाली, “तुम्ही मराठीत म्हणा, फादर. माझे त्याच्याशी कोंकणीत चालले आहे.”

५ तारखेच्या पहाटे ती गेली.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाला. शवपेटीच्या उशाशी पास्काची मेणबत्ती उभी केली होती. तिच्यावर क्रूस, आल्फा व ओमेगा, २०२५चे चार अंक आणि धुपाचे पाच खडे. उपवासकाळात मरण आले असते तर आलेलुया गायिले गेले नसते. आता गायकवृंदाने ते मोकळ्या गळ्याने म्हटले. मिस्साबलिदानात एक गोष्ट मात्र माझ्या कानाला खटकली. जेथे पोपमहाशयांचे नाव येते, तेथे फादर न थांबता पुढे बिशपांच्या नावाकडे गेले. पेत्राचे आसन रिकामे होते. आमच्या घरातली खाटही त्याच दिवशी रिकामी झाली होती, म्हणून कदाचित ती उणीव मला अधिक जाणवली असावी.

८ मे रोजी रात्री जपमाळ संपवून शेजारी ओटीवर बसले होते. कोणाच्या तरी मोबाईलवर पांढरा धूर दिसला. मग कोणी उठेना. चहा दोनदा झाला. पावणेअकराच्या सुमारास नाव कळले : लिओ चौदावे, जन्माने अमेरिकन, पण बरीच वर्षे पेरू देशातल्या गोरगरिबांत काढलेले. सुतकाच्या घरात टाळ्या वाजल्या, आणि त्याचे कोणास वाईट वाटले नाही.

पास्कानंतर लग्नसराई असतेच. पलीकडच्या घरी लग्न ठरलेले होते. वधूचे वडील संकोचत आले आणि रोसाच्या दिवशी वाजंत्री नको म्हणू लागले. मी म्हटले, वाजू द्या. उपवासाचे चाळीस दिवस ती गप्प होती, तेवढे पुरे. नारळाच्या दुधाने वधूला न्हाऊ घालताना बायकांनी गाणी म्हटली. त्यांतली दोन आईने शिकविलेली होती.

नातीने मात्र पुस्तक मिटून ठेवले होते. मी आग्रह केला नाही. महिन्याची प्रार्थना झाली. ८ जून रोजी पेन्टेकॉस्ट आला आणि मिस्साबलिदानानंतर फादरांनी पास्काची मेणबत्ती वेदीजवळून हलवून बाप्तिस्म्याच्या कुंडाशी नेऊन ठेवली. पुढल्या रविवारी तेथे एका बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा होता. मेणबत्ती वीतभर तरी उतरली असेल.

त्या संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. नातीने आपणच पुस्तक काढले आणि खूण होती तेथून वाचू लागली. पाचव्या ओवीत एक जुना शब्द आला. तिने माझ्याकडे पाहिले. मलाही तो शब्द अपरिचित होता. कोशात शोधला, सापडला नाही. आई असती तर तिने डोळे न उघडता सांगितले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे छत्री घेऊन फादरांकडे गेलो. त्यांनाही तो येईना. त्यांनी आपली वही काढली, तो शब्द कानडी लिपीत लिहून घेतला आणि नातीला म्हणाले, “मीही विचारतो, तूही विचार.”