घास घातल्याबिगर

पुतण्याच्या हळदीला सोलापुरात होटगी रोडवरच्या एका कार्यालयात जातं मांडलं होतं. खुंट्याला हळकुंड-सुपारी, भोवती झेंडूच्या माळा. सवयीने खुंटा धरला, तर अख्खं जातंच हातात आलं. थर्मोकोल! वरून करड्या रंगाचा फवारा. ओव्या स्पीकरवर चालू होत्या.

मंगळवेढ्याकडच्या आमच्या घरातलं जातं दोघी ओढायला बसल्या तरी कुरकुरायचं. टकारी टाकी लावून गेला की पहिल्या पिठात कच यायची. काळ्या रानातली मालदांडी ज्वारी, पहाटेचा अंधार आणि आजीचा आवाज.

शाळेतले एक गुरुजी ओव्या, गोष्टी जमवायचे. सायकलला पिशवी, पिशवीत शंभरपानी वह्या. आजीला म्हणाले, "बाई, सांगा एखादी ओवी." आजी पदर सावरून गप्प. मग म्हणाली, "नुसतं बसून कुटं आठवतंय, गुरुजी? घास घातल्याबिगर तोंडात यीत न्हाय." गुरुजींनी धोतर खोचलं, समोर बसले, खुंटा धरला. ओव्या सुरू झाल्या, पण लिहायला मोकळा हात कुणाचा? चार ओव्या झाल्या की ते आजीला थांबवत आणि पिठाच्या हातांनीच लिहीत. तोवर तिची पुढची ओवी निसटलेली असे.

ओव्या जमवणारे असेच दुसरे गुरुजी, साने गुरुजी, 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे त्यांनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' केलं. आणि 1 मे 1947 ला विठोबाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी ते सुटलं. आमचे गुरुजी हा उपास इतिहासाच्या नव्हे, मराठीच्या तासाला शिकवायचे. का, ते कधी सांगत नसत.

त्यांची वही पुढे मी पाहिली. आजीच्या ओव्यांवर मथळा होता, 'एका वृद्धेकडून'. वृद्धा! तेव्हा तिची पंचेचाळिशीही उलटली नसेल. केस काळेभोर, ज्वारीचं पोतं एकटी हलवायची. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. लोकसाहित्यवाल्यांना सांगणारी बाई म्हातारीच लागते की काय!

त्याच वहीत दामाजीपंतांची गोष्ट होती. आजीच्या गोष्टीत बिदरचा बादशहा जवळजवळ नसेच. दुष्काळात दामाजीपंतांनी त्याचं कोठार उघडल्यावर पहिली पायली कुणाच्या पदरात पडली, तिच्या घरी पोरं किती, तिने भाकरी केली की कण्या शिजवल्या, यावरच ती रेंगाळायची. वहीतला बादशहा मात्र ऐसपैस बसलेला. गुरुजींनी त्याला पोथीतून आणला असणार.

मग 1972 चा दुष्काळ आला. घरची ज्वारी संपली. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. ती दळताना आजी गात नसे. म्हणायची, हिला गळा लागत न्हाय. दिवसा मात्र दुष्काळी कामावर खडी फोडताना तिचा आवाज सुटायचा. हातोडीच्या ठेक्यावर मुकादमाच्या ओव्या: त्याचा हजेरीपट, त्याचं मापातलं कापणं, त्याची बायको. एका ओवीत तर तिने दामाजीपंतांनाच मुकादमाच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि खरा मुकादम खाली खडी फोडत होता. बायका ढिगावर हसून लोळायच्या.

गुरुजी एकदा तिथेही वही घेऊन आले. उभ्याउभ्या दोन-तीन ओव्या ऐकल्या, पेनला टोपण लावलं आणि सायकलवर बसून निघून गेले. शिव्या होत्या ना त्यांत, त्याही अस्सल. दोन ओव्या मला अजून पाठ आहेत, पण कोणता संपादक छापेल?