आमची पद्मिनी

गाय मेली तर माणूस रडतो आणि कोणी त्याला हसत नाही. कुत्रे गेले तरी शेजारी येऊन दोन शब्द बोलून जातात. पण मोटारगाडी गेली म्हणून ज्याचे डोळे भरून आले त्याने काय करावे? मी काय केले ते सांगतो. तोंड धुण्याच्या निमित्ताने मी परसात गेलो आणि नळ सोडला. नळाला दोन दिवस पाणी नव्हते, हे मग आठवले. सगळे पाणी घरात येऊन गेले होते.

गाडी म्हणजे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. २०१० साली मी ती खेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. ते व्यवसाय आटोपून मुलाकडे राहायला निघाले होते आणि गाडी भंगारात घालायला त्यांचे मन धजत नव्हते. मी महाडला राहणारा आणि पोलादपूर तालुक्यातल्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पहिल्या दोन कादंबऱ्यांनी मिळून मला जे दिले त्यात गाडीचे पुढचे दोन टायर आले, एवढे सांगितले म्हणजे माझ्या ऐपतीची कल्पना येईल. पण लहानपणी आमच्या आळीत एकाच घरी मोटार होती आणि ती पद्मिनी होती. ती निघाली की आम्ही पोरे धुराचा वास घेत मागे धावायचो. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने लहानपणीचा वास विकत घेतला, असे म्हटले तरी चालेल.

आजच्या मुलांना तिची थोरवी सांगून पटत नाही. शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन फियाट बाहेर पडू लागली. १९६४ पासून जी फियाट अकराशे डिलाइट आली, तीच १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘पद्मिनी’ झाली. नाव बदलले, अंगकाठी तीच राहिली. त्या काळी पैसे भरूनही लोक वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट पाहत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि पद्मिनीची सद्दी हळूहळू संपली. माझी गाडी त्या उतरत्या काळातली. राज्य गेलेल्या घराण्यातली लेक म्हणा ना!

गाडी आणायला माझ्याबरोबर आमचे मिस्त्री आले होते. महाडला त्यांचे छोटे गॅरेज आहे. मला गाडी चालवता येत होती ती परवान्याच्या परीक्षेपुरती. त्यात पद्मिनीचा गिअर खाली नसून स्टिअरिंगच्या दांड्याला डाव्या हाताशी, आणि पुढची बैठक बाकासारखी सलग. मे महिन्यातली दुपार होती. कशेडी घाटाच्या अर्ध्या चढावर गाडीने दोन उसासे टाकले आणि ती थांबली. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री शांतपणे उतरले, आपला पंचा पाण्यात भिजवून त्यांनी पेट्रोलच्या पंपावर ठेवला आणि सावलीला जाऊन विडी पेटवली.

“गुरुजी, तिला काही झालं नाही,” ते म्हणाले. “पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली. वाफ पंपाला ओढता येत नाही. घटकाभर थंड होऊ द्या. म्हातारं माणूस घाटात बसतंच की.”

विडी संपली आणि गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून गाडीत एक पंचा आणि पाण्याची बाटली कायमची राहिली.

पुढची अकरा वर्षे मी गाडी चालवली त्यापेक्षा गाडीने मला चालवले. महाड ते पोलादपूर वीस किलोमीटरच्या आतबाहेर रस्ता. कधी कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडके, कधी पॉइंटवर काजळी धरे. पॉइंट पॉलिश पेपरने कसे घासायचे आणि त्यातली फट कशी बेताची ठेवायची, हे मिस्त्रींनी मला शिकवले. दोन गिअरांच्या मध्ये दांड्या अडकल्या तर बॉनेट उघडून हाताने कशा सोडवायच्या, हेही शिकवले. हाताला काळे लागले म्हणून मी तोंड वाकडे केले की ते म्हणत, “तुम्ही शाईनं हात काळे करता तेव्हा कोण हसतं का?”

सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा आम्ही दोघे एस.टी.ने मुंबईला जाऊन कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरची जुन्या सामानाची दुकाने पालथी घालत असू. ज्या कुर्ल्यात ती जन्मली, त्याच कुर्ल्यात तिच्या बहिणींचे हातपाय टांगून ठेवलेले पाहून मला कसेसेच होई. मिस्त्रींना तसे काही होत नसे. ते एकेक दरवाजा, एकेक पंप हातात घेऊन कानाशी नेत, हलवून पाहत आणि भाव पाडत.

कोकणातला पाऊस पत्र्याला खातो. दर दोन वर्षांनी गाडीचा तळ गंजे आणि नवा पत्रा मारावा लागे. आमच्या सौ. एकदा शांतपणे म्हणाल्या, “माजघरात तीन ठिकाणी गळतंय. गाडीचं झालं की उरलेला पत्रा आपल्यालाही घाला.” त्या वर्षी मी घराचे छप्पर आधी केले, पण खोटे कशाला बोलू, मन गाडीपाशी होते.

तिच्याशी माझे आणखी एक नाते होते, ते मी फारसे कोणाला सांगितलेले नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी भर पावसात मी शाळेतून परतलो तो सावित्रीवरच्या जुन्या दगडी पुलावरून. गाडीची काच पुसत, पुढचे न दिसता, पद्मिनीला गोंजारत आलो. त्याच रात्री तो इंग्रजी अमदानीतला पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि आणखी वाहने माणसांसकट वाहून गेली. दुसऱ्या दिवशी मी अंगणात जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा होतो. गाडीने मला वाचवले असे काही नव्हते. आम्ही दोघे आधी आलो, इतकेच. पण एकत्र वाचलेल्यांची एक सोयरीक असते.

आता त्या रात्रीकडे यावे लागेल.

२०२१ च्या जुलैत साथीमुळे शाळा बंद होत्या. मी घरी बसून फोनवर मुलांना शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहीत होतो. २१ तारखेला पावसाने बैठक मारली होती. महाडला पुराचे नवल नाही. सावित्री आणि गांधारी दोघींच्या मधले आमचे गाव, महाबळेश्वरच्या डोंगरावर कोसळते ते सावित्रीवाटे आमच्याकडे येते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ आहे. अंगणातला ओटा त्या रेघेच्या वर बांधलेला, आणि गाडी त्या ओट्यावर. मी निर्धास्त होतो.

रात्री नऊच्या सुमारास मिस्त्रींचा फोन आला. “गुरुजी, गाडी चढावर काढा. पाण्याचा रंग आज बरा नाही.”

मी म्हटले, “काढतो.”

आणि मी काढली नाही. कादंबरीचा एक अध्याय हाताला लागला होता. लिहिणाऱ्यालाच ठाऊक, असा हात वर्षातून एखाद्या वेळीच लागतो. एवढे पान संपवू, मग जाऊ, असे म्हणत चार पाने झाली. दिवे गेले तेव्हा मेणबत्ती लावली. मग पाण्याचा आवाज ऐकू आला. खिडकी उघडली तर अंगण नव्हते. कागद, पोरे आणि तांदळाचा डबा घेऊन आम्ही माडीवर गेलो. २२ जुलैला दिवसभर पाणी चढत राहिले. २००५ ची रेघ बुडाली. माडीच्या खिडकीतून मला पद्मिनीचे छप्पर काही वेळ दिसत होते. मग ते हलले, संथपणे फिरले आणि दिसेनासे झाले.

पाणी ओसरले तेव्हा ती शेजारच्या कुंपणाला टेकून उभी होती. आत बैठकीच्या वर गाळ. ढोपराएवढ्या चिखलात मी दरवाजा ओढत होतो, तेवढ्यात कोणीतरी तळीयेची बातमी सांगत गेले. त्याच २२ तारखेला महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर डोंगर कोसळला होता. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. तिकडची मुले माझ्या शाळेत येतात. बाजारपेठेत माणसे दुकानांतला भिजलेला माल फावड्याने ओढत होती. आणि मी एका जुन्या मोटारीसाठी उभा होतो! माझी मलाच लाज वाटली. म्हणून मी परसात गेलो आणि कोरडा नळ सोडला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. अंगावर तोच पंचा, चिखलाने ताठ झालेला. त्यांनी आधी गाडी पाहिली. बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली. तिला तेलाऐवजी गढूळ पाणी लागले होते.

“चढावर नेली नाहीत?” त्यांनी विचारले.

त्यांना खोटे सांगणे सोपे होते. पण मी सांगितले, “लिहीत बसलो होतो.”

ते काही बोलले नाहीत. पट्टी पुसून जागेवर ठेवली. मग मी विचारले, “तुमचं काय झालं?” आणि तीन दिवसांत हा प्रश्न आपल्याला सुचला नव्हता, हे विचारता विचारताच लक्षात आले.

त्या रात्री गिऱ्हाइकांच्या दोन गाड्या गॅरेजमध्ये होत्या. त्या त्यांनी एकेक करून चढावर नेल्या. परत येईपर्यंत गॅरेजात कमरेएवढे पाणी. कॉम्प्रेसर गेला, वेल्डिंगचे यंत्र गेले आणि वडिलांच्या वेळची पान्यांची पेटी गेली. “पेटी माळ्यावर चढवायची होती,” ते म्हणाले, “पण एकट्याच्यानं उचलेना.”

माझे घर तिथून पाच मिनिटांच्या वाटेवर होते.

इंजिन खोलून गाडी उभी करता आली असती. मिस्त्रीच म्हणाले, “आता नको, गुरुजी. तळ राहिला नाही.” लोक समजूत घालत, बरे झाले सुटलात, २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, तेव्हाही म्हणाले. नोंदणी रद्द करायला चासीवरचा नंबर कापून द्यावा लागतो. तो तुकडा मिस्त्रींनी मागून आणलेल्या करवतीने कापला आणि मी तो कागदात गुंडाळून पेणच्या परिवहन कार्यालयात दिला. बाकीची गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने गेली. त्या पैशांत मी पान्यांचा एक संच घेतला. मिस्त्रींनी तो घेतला, पण गाडीच्या हिशेबात माझ्याकडून येणे असलेली रक्कम त्यातून वजा केली.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. वीस वर्षांची मर्यादा होती आणि शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली. वर्तमानपत्रांतून लोक उघडपणे हळहळले. मला त्यांचा हेवा वाटला.

ती कादंबरी पुढे छापून आली. त्या रात्रीचा अध्याय तिच्यात नाही. तो वाईट होता असे नाही. पण मला तो पुन्हा वाचवला नाही.

मिस्त्रींचे गॅरेज पुन्हा उभे राहिले आहे. त्यांची हरवलेली पेटी महिन्याभराने गाळात सापडली. निम्मे पाने गंजले होते. त्यांनी रॉकेलमध्ये भिजवून ते कामात आणले. आता जुलैत पावसाने बैठक मारली की मी वही मिटतो आणि त्यांच्याकडे जातो. दोन्ही बाजूंच्या कड्या धरून आम्ही ती पेटी जिन्याने वर नेतो. जड आहे. मध्ये दोनदा टेकावी लागते.