वैद्यकीय हयगयीचा दिवाणी दावा : औरंगाबादच्या एका खटल्यावरून

वैद्यकीय हयगयीबद्दल नुकसानभरपाई मागणाऱ्या दिवाणी दाव्यात वादीला, म्हणजे दावा आणणाऱ्या पक्षाला, तीन गोष्टी शाबीत कराव्या लागतात : रुग्णाची वाजवी काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य होते, ते पाळण्यात हयगय झाली, आणि नेमक्या त्या हयगयीमुळेच इजा किंवा मृत्यू ओढवला. पहिली गोष्ट सहसा वादाची नसते. दुसरी अवघड असते. तिसरीपाशी मात्र पुष्कळ दावे कोसळतात, कारण रुग्ण आधीच आजारी असतो आणि त्याचे जे झाले ते आजाराने की उपचाराने, हे सांगू शकणारा माणूस पुन्हा डॉक्टरच असतो.

तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घडलेल्या घटनेतून उभा राहिलेला ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला या तिन्ही पायऱ्या चढून गेला, म्हणून कायद्याच्या अभ्यासात त्याला मोठे स्थान आहे. सरकारी कन्याशाळेत शिकवणारी एक स्त्री १० जुलै १९६३ रोजी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलात बाळंतपणासाठी दाखल झाली. मुलगा झाला, आणि आधीच ठरल्याप्रमाणे १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर ताप चढला, वेदना असह्य झाल्या. पतीने आपल्या ओळखीच्या एका शल्यविशारदाला बोलावून आणले, त्याने १५ जुलैला तपासून पोट पुन्हा उघडण्याचा सल्ला दिला, पण तो मानला गेला नाही, असे वादींचे म्हणणे होते. अखेर १९ जुलैला त्याच शल्यविशारदाने पोट उघडले, तेव्हा आत पू साचलेला होता आणि पहिल्या शस्त्रक्रियेतला मॉप राहिलेला होता. मॉप म्हणजे रक्त टिपण्यासाठी आणि आतडी बाजूला धरण्यासाठी पोटात ठेवला जाणारा कापडी टॉवेल. त्याच्या टोकाला फीत असते, ती बाहेर काढून चिमट्याने धरून ठेवायची, आणि टाके घालण्यापूर्वी जितके आत गेले तितके बाहेर आले की नाही हे मोजायचे, अशी शस्त्रक्रियागृहाची शिस्त असते. २४ जुलैला ती स्त्री वारली.

अशा वेळी न्यायालये ‘रेस इप्सा लॉक्विटर’ या तत्त्वाचा आधार घेतात. घटनाच स्वतःहून बोलते, एवढाच त्याचा अर्थ. लिव्हरपुलात गोदामाच्या खिडकीतून पिठाचे पिंप वाटसरूच्या अंगावर पडले, त्या १८६३ च्या इंग्लिश खटल्यातून ते रूढ झाले. काळजी घेतली असती तर जी गोष्ट घडलीच नसती, ती घडली की खुलासा करण्याचा भार प्रतिवादीवर जातो. औरंगाबादच्या दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा केला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी रुग्णालयातील नोकरांच्या हयगयीसाठी राज्याला जबाबदार धरता येत नाही, असे मत तेथे पडले. या मतामागे १९६५ चा कस्तुरीलाल निवाडा होता, ज्यात पोलिसांच्या ताब्यातील सोने हवालदाराने लांबवले तरी ते सार्वभौम अधिकारातले काम ठरवून राज्याला मोकळे सोडण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये हा आधार नाकारला : रुग्णालय चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, ते खासगी माणूसही करू शकतो, तेव्हा सार्वभौमत्वाची ढाल येथे चालत नाही. मॉपमुळे पू झाला आणि त्यातूनच पुढचा अनर्थ ओढवला, ही साखळीही न्यायालयाने मान्य केली आणि मूळ हुकूमनामा पुन्हा उभा केला. शिक्षिकेच्या मृत्यूला तेव्हा साडेबत्तीस वर्षे झाली होती, आणि १९६३ मधले ३६,००० व १९९६ मधले ३६,००० यांतला फरक कोणत्याही संसारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

तत्त्वाइतकीच महत्त्वाची गोष्ट निवाड्याच्या तपशिलात आहे, आणि वाचताना ती सहज निसटते : पोट पुन्हा उघडणारा तो शल्यविशारद वादींतर्फे साक्षीला उभा राहिला. पतीची त्याच्याशी ओळख नसती, किंवा त्याने शपथेवर खरे सांगितले नसते, तर मॉप पोटातच राहिला असता किंवा कागदावर आला नसता. अदालत रोडवरील जिल्हा न्यायालयात अशाच एका कुटुंबाचे वकीलपत्र घेतलेल्या प्रस्तुत लेखकाला हे पदोपदी जाणवत आले आहे. तेथे वादी एक शाळकरी मुलगा आहे, आणि अज्ञान असल्यामुळे त्याचे वडील अज्ञान पालनकर्ता म्हणून दाव्यात आहेत. हात मोडल्यावर एका खासगी दवाखान्यात घातलेले प्लास्टर घट्ट बसले, रात्रभर मूल ओरडत राहिले, आणि पुढे हात कोपराखाली कापावा लागला. नियमानुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात; वडिलांनी लेखी अर्ज केल्यावर केसपेपर मिळाले. त्यांत दर दोन तासांनी ‘बोटांची हालचाल व्यवस्थित’ अशी नोंद आहे, आणि रात्रीच्या सगळ्या नोंदी एका शाईत, एका हातवळणात, एका दमात लिहिल्यासारख्या सरळ रेषेत उतरल्या आहेत. ‘वकीलसाहेब, पैशाचं नंतर बघू, त्या रात्री लेकराजवळ कोण होतं तेवढं आधी कळू द्या,’ एवढेच वडिलांचे म्हणणे असते.

या मुलाला ग्राहक आयोगाचा मार्गही होता. १९९५ च्या व्ही. पी. शांता निवाड्याने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले, पण सर्वांवर सरसकट मोफत उपचार करणारी रुग्णालये त्याबाहेर ठेवली. त्यामुळे अशा ठिकाणच्या गरिबाला भरपाईसाठी दिवाणी न्यायालयच उरते, आणि सरकारविरुद्ध दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते. ही विषमता अन्यायकारक आहे. मुलाच्या बाबतीत दिवाणी दावा निवडला तो साक्षीदारांची सविस्तर उलटतपासणी करता यावी म्हणून. शहरातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी खासगीत बोलताना प्लास्टर वेळेत कापायला हवे होते असे सांगितले. साक्षीचे नाव काढताच मात्र, एकाच गावात राहायचे आहे, असे उत्तर आले. त्यांच्यावर राग धरून काम भागत नाही. आता परजिल्ह्यातील एका तज्ज्ञाने केसपेपर पाहून लेखी मत दिले असून त्यांची सरतपासणी पुरी झाली आहे, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला साक्षीसमन्स काढण्याचा अर्ज मंजूर झाला आहे.