सव्वीस जुलैचा पाऊस सत्तावीस तारखेला

मुंबईतल्या सांताक्रूझच्या रोजच्या पावसाच्या नोंदी उघडल्या की 944 मिलिमीटर हा आकडा 27 जुलै 2005 समोर दिसतो. नवखे विद्यार्थी तो चूक समजून 26 वर सरकवतात. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या दुपारनंतर कोसळलेलं पाणी दुसऱ्या सकाळच्या तारखेला चढतं. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73 मिलिमीटर पडला. अशा शहराची ‘सरासरी’ सांगताना माझी जीभ जरा अडखळतेच.

पाऊस, धूळ, तापमान यांच्या लांबलचक नोंदींतून लय शोधणं हे माझं काम. त्यासाठीची फूरिएची पद्धत जणू मैफलीत झपताल वाजला होता एवढंच सांगते. कधी वाजला, ते नाही. वेव्हलेट तेही सांगतं. दोन्ही टोकांना विरत जाणारी एक छोटी लाट घ्यायची, नोंदींवरून सरकवत न्यायची, मग ताणून पुन्हा न्यायची. यातून काढलेल्या चित्रात जुळेल तिथे रंग गडद होतो. ज्यां मोर्ले हे तेलाच्या शोधातले भूभौतिकतज्ज्ञ; जमिनीखालून परतणारी कंपनं वाचायला त्यांनी ही युक्ती वापरली आणि 1984 मध्ये अलेक्स ग्रॉसमन यांच्यासोबत तिला गणिताचा पाया दिला.

अंधेरी किंवा बोरिवलीच्या सूक्ष्म धूलिकणांच्या तासागणिक नोंदींवर ही लाट फिरवली, की हिवाळ्यात चोवीस तासांचा पट्टा ठळक उमटतो. रात्री जमिनीलगतच्या गार हवेत धूळ कोंडते, दुपारी समुद्रावरचा वारा ती हलवतो. जूनमध्ये पावसाने जोर धरला की पट्टा फिकटतो.

पाऊस मात्र छळतो. वर्षाचे आठ महिने जवळजवळ कोरडे, त्यामुळे वार्षिक लय आधी वजा केली नाही तर तीच सगळं चित्र गिळते. मग उरतो तो 944. जुलैच्या अख्ख्या महिन्याच्या सरासरीहून जास्त पाऊस एका तारखेवर! त्याचा रंग शेजारच्या दिवसांवर फासला जातो आणि एका दुपारची घटना पंधरवड्याच्या लयीसारखी दिसू लागते. मी आकड्यांचं घनमूळ घेतो, म्हणजे सुळका बसतो. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. ज्या दिवसाने शहर बुडालं त्यालाच बुटका कसा करता, म्हणतात. त्यांच्यासाठी मूळ आकड्यांचंही चित्र शेजारी ठेवतो. राहून गेलेल्या नोंदींच्या जागी शून्य भरणाऱ्यांशी मात्र माझी तडजोड नाही. मुंबईच्या जुलैत शून्य म्हणजे मोठी बातमी असते, आणि कागदावर पावसाची खोटी उघडीप तयार होते.

चित्र इतकं देखणं असतं की माणूस कडेपर्यंत वाचत जातो. कडेला लाटेचा अर्धा भाग नोंदींबाहेर लटकतो, तिथल्या रंगावर विश्वास नाही. टोरेन्स आणि कॉम्पो यांनी 1998 च्या लेखात त्याचा हिशेब मांडला आहे: मोर्लेच्या लाटेने दहा वर्षांची लय शोधायची, तर प्रत्येक टोकाकडची सुमारे चौदा वर्षं संशयास्पद. पुढच्याच वर्षी टोरेन्स आणि वेबस्टर यांनी 1871 पासूनचा भारतीय पाऊस तपासून दाखवलं, की एल निन्यो आणि मॉन्सूनचं नातं 1920 ते 1960 या काळात सैल पडलं होतं. हे ठामपणे म्हणता आलं, कारण तो काळ नोंदींच्या मधोमध होता.

लोक विचारतात ते आत्ताचं: पाऊस बदललाय का? पंधरा दिवसांच्या लयीबद्दल मी गेल्या महिन्यापर्यंतचं सांगू शकतो. दहा वर्षांच्या लयीत यंदाचं साल कुठे बसतं, त्यासाठी आणखी चौदा वर्षांच्या नोंदी लागतील.