एक तारीख, अनेक घटना : ४ जुलै



परिपाठात आपण रोज दिनविशेष घेतो. मुलं फळ्यावरचं वाचतात आणि विषय तिथेच संपतो. पण एकाच तारखेला अनेक घटना आल्या, की मुलांना जरूर विचारा : हा योगायोग, की कुणी मुद्दाम निवडलेला दिवस?

अमेरिकेचा ४ जुलै यासाठी छान उदाहरण आहे. १७७६ साली या दिवशी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. खरं तर ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव २ जुलैलाच झाला होता. पण जाहीरनाम्यावर ४ जुलै ही तारीख होती, म्हणून तोच राष्ट्रीय सण ठरला.

बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन आणि त्यांचे सहकारी जॉन अ‍ॅडम्स काही तासांच्या अंतराने वारले. १८३१ मध्ये जेम्स मन्रो यांचं निधनही याच तारखेला झालं. तिघेही माजी राष्ट्राध्यक्ष! हा योगायोग.

आता मुद्दाम निवडलेले दिवस बघा. १८१७ मध्ये एरी कालव्याचं खोदकाम ४ जुलैला सुरू झालं. १८२८ मध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वेची पायाभरणीही त्याच दिवशी झाली. सणाच्या दिवशी शुभारंभ, आपल्याकडे पाडव्याला करतात तसा.

न्यूयॉर्क राज्यानेही गुलामगिरी संपवण्यासाठी कायद्यात ४ जुलै १८२७ हाच दिवस ठरवला. म्हणजे 'सर्व माणसे समान' असं जाहीर केल्यावर तिथल्या गुलामांना तब्बल ५१ वर्षं वाट पाहावी लागली. आणि गंमत म्हणजे न्यूयॉर्कमधल्या अनेक कृष्णवर्णीयांनी आनंदाची मिरवणूक काढली ती ५ जुलैला! पुढे १८५२ मध्ये, गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी रोचेस्टर शहरात भाषण केलं. गुलामाला या सणाचं काय, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी चालूच होती. या भाषणाची तारीखही ५ जुलैच.

हे सांगून झालं की मुलांना विचारा, "त्यांनी एक दिवस उशीर का केला असेल?" उत्तर लगेच सांगू नका. मुलांना बोलू द्या. घरीही रात्री जेवताना हा प्रश्न काढता येईल. आणि उद्याच्या दिनविशेषाखाली फळ्यावर एक ओळ मोकळी सोडा : हा दिवस कुणाचा होता, आणि कुणाचा नव्हता?