आखाड्यावरची मोटार

वस्तु झांकून ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहिली, असा आपणां सर्वांचाच समज असतो. परंतु यंत्राची गोष्ट निराळी आहे. चालणारें यंत्र झिजतें हें खरें. पण उभें राहिलेलें यंत्र त्याहूनही लवकर नासतें. या गोष्टीचा जो प्रत्यय मला २०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत आला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथें गोदावरीच्या कांठीं आमचें शेत आहे. तेथील आखाड्यावर, पत्र्याच्या छपराखालीं, माझ्या आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड मोटार १९९८ पासून उभी होती. आजोबा डॉक्टर होते, आणि १९६६ सालीं घेतलेल्या या गाडींतून ते खेडोपाडीं रोग्यांना पाहावयास जात. ते वारल्यावर तिला कोणीं हात लावला नाहीं. केवळ दरवर्षीं दसऱ्याला आजी तिच्यासाठीं झेंडूची माळ पाठवी. पुढें छप्पर पाडावयाचें ठरलें आणि भंगारवाल्याला बोलावणें गेलें. आजी कांहींच बोलली नाहीं. मात्र त्या दिवशीं ती जेवलीही नाहीं. तें पाहून बाबांनीं मला सुटी संपेपर्यंतची मुदत दिली. तोंवर गाडी चालली तर राहील, नाहीं तर जाईल.

हेराल्ड ही कांहीं शर्यतीची मोटार नव्हे. पण त्या घराण्याशीं तिचें नातें सख्ख्या बहिणीचें आहे. इंग्लंडांत ती १९५९ सालीं निघाली, इटलीच्या मिकेलोत्ती यांनीं तिला रूप दिलें, आणि तिचाच सांगाडा आंखूड करून १९६२ सालीं ट्रायंफ स्पिटफायर ही दोन माणसांची प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार तयार झाली. आपल्याकडे हेराल्ड १९६१ पासून मद्रासेस बनूं लागली. तिचें इंजिन अवघें ९४८ घन सेंटीमीटरचें. मडगार्डांसकट सबंध बॉनेट मगराच्या जबड्याप्रमाणें उघडतें, आणि तें पाहून शेजारचीं मुलें टाळ्या वाजवीत.

नांदेडांतील एक वृद्ध मिस्त्री या कामीं लाभले. त्यांना मी चाचा म्हणूं लागलों. ‘नवी बॅटरी बसवा आणि चावी फिरवा,’ असा सल्ला येणारे जाणारे देत. चाचा हंसून म्हणाले, “बेटा, सव्वीस वर्षांच्या उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवूं नये.” त्यांनीं चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्यें थोडें तेल सोडलें आणि चार दिवस वाट पाहिली. पांचव्या दिवशीं हँडल घालून हातानें जोर लावतां लावतां इंजिन तसूभर हललें. टांकींतील पेट्रोल राळेसारखें चिकट झालें होतें व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत तोच चिकटा बसला होता. उंदरांनीं वायरी कुरतडल्या होत्या. टायरांची नक्षी शाबूत होती, परंतु रबराला भेगा पडल्या होत्या. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें आणि तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही नव्या घातल्या.

इंजिन मोकळें झालें तेव्हां सुटीचे नऊच दिवस उरले होते. आतां तें सुरू होईल म्हणून मी आतुर झालों होतों. पण चाचांनीं ब्रेक उघडले. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. त्या ओलीनें चाकांजवळचीं लहान सिलिंडरें आंतून गंजलीं होतीं. “जिला थांबतां येत नाहीं, तिनें चालूंही नये,” असें म्हणून त्यांनीं त्याच कामांत पांच दिवस घालविले. मी रोज रात्रीं उरलेले दिवस मोजीत होतों.

सुटीच्या शेवटच्या दिवशीं इंजिन दोनदां खोकलें, निळा धूर सोडून थांबलें, आणि तिसऱ्या खेपेस चालूं लागलें. बाबा आजीला घेऊन आले. चाचांशेजारीं बसून ती बांधापर्यंत गेली. तेथून विष्णुपुरीच्या धरणाचें पाणी दिसतें. उतरल्यावर ती एवढेंच म्हणाली, “दार अजून तसंच वाजतंय.” त्याच संध्याकाळीं भंगारवाल्याला नकार कळविण्यांत आला.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र नियम केले आहेत. त्याप्रमाणें कागदपत्रें पुरीं होईपर्यंत गाडी शेताच्या वाटेबाहेर न्यावयाची नाहीं, असा बाबांचा दंडक आहे. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत निजामाची पिवळी रोल्स रॉइस लोक तिकीट काढून पाहतात. १९४८ पर्यंत आपलें नांदेड त्याच राज्यांत होतें. ती मोटार पाहण्यासाठीं जपलेली आहे, आमची चालण्यासाठीं. म्हणून दर रविवारीं बाबा तिला बांधापर्यंत फिरवून आणतात.

विद्यार्थिमित्रांनो, पाठ केलेली विद्या, शिकलेली कला आणि जोडलेला स्नेह यांचीही गति हीच आहे. त्यांना कुलुपांत ठेवून कोणी श्रीमंत होत नाहीं. आणि जें फार दिवस बंद राहिलें असेल तें पुन्हां सुरू करावयाचें, तर घाईपेक्षां धीराचाच हात अधिक उपयोगीं पडतो.