जावा उतरते घाट!

एक्स्प्रेस-वेवर टू-व्हीलरला बंदी आहे? असू दे! जुन्या गाड्यांची मजा जुन्या हायवेवरच. रविवारी सकाळी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मागून दमदार ‘डुगडुग’ ऐकू आली, की समजायचं, जावा आली. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१च्या सुमारास ही गाडी बनवायला घेतली. किक आणि गिअरचा दांडा एकच! कारखाना १९९६मध्ये बंद पडला, गाड्या मात्र अजून पळतायत.

पण बॉस, नुसतं क्रोम चमकवणं म्हणजे रिस्टोरेशन नव्हे. घाटाला तुमच्या पेंटशी देणंघेणं नसतं, तो ब्रेक बघतो. जावाला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. सतत दाबून धरले तर तापतात आणि लागेनासे होतात. त्यात टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं रोखत नाही. म्हणून न्यूट्रल अजिबात नको. खालचा गिअर ठेवा, वेग वळणाआधीच कमी करा. ऑईल पेट्रोलमधूनच इंजिनात जातं, तेव्हा अधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या.

वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं लोक सांगतात. तिथे थांबा, हात जोडा, ड्रमही गार होऊ द्या. आणि हो, पुढच्या पगारात आधी ब्रेक लायनर आणि टायर. पेंट नंतर!